निळ्या स्क्रीनचा पंचनामा : कॉम्प्युटर कोसळल्यावर मेमरी डंप कसा वाचायचा

अंबड-सातपूरचं वर्कशॉप असो, नाशिकरोडचं सीएचं ऑफिस असो की पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याची पेढी, कॉम्प्युटरवर निळी स्क्रीन आली की पहिला सल्ला ठरलेला असतो : 'फॉरमॅट मारून टाका.' मग टॅलीचा बॅकअप, प्रिंटरचे ड्रायव्हर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन पुन्हा चालू करणं, यात अख्खा दिवस जातो. आणि दोष रॅमच्या पट्टीत असेल तर चार दिवसांनी तीच निळी स्क्रीन परत हजर. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

खरं तर कोसळताना विंडोजने स्वतःच पंचनामा करून ठेवलेला असतो. त्या क्षणी मेमरीत काय होतं, कोणता ड्रायव्हर काम करत होता, प्रोसेसर कुठे अडकला, हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला मेमरी डंप म्हणतात. ती वाचायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. साधनं मोफत आहेत, पहिल्या वेळी तासभर लागेल, नंतर पंधरा-वीस मिनिटं. एक अट मात्र आहे : फॉरमॅट मारण्याआधी ती फाइल काढून घ्यायची. फॉरमॅट मारलं की पुरावा गेला.

निळी स्क्रीन येते म्हणजे नेमकं काय होतं

विंडोजचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. टॅली, क्रोम, कोरलड्रॉ हे प्रोग्राम बाहेरच्या अंगणात चालतात. त्यातला एखादा बंद पडला तर तेवढाच पडतो. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, वायफाय, डिस्प्ले चालवणारे छोटे प्रोग्राम, मात्र बहुधा कर्नलबरोबर आतल्या खोलीत बसलेले असतात. त्यातल्या कुणी चुकीच्या जागी लिहिलं किंवा कर्नलला आपलाच हिशेब जुळेनासा झाला, की विंडोज जाणूनबुजून सगळं थांबवतं. पुढे चालू ठेवलं तर डिस्कवरचा डेटाही बिघडेल, म्हणून हा थांबा. त्याचा रंग पूर्वी निळा होता. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला. आतली यंत्रणा तीच आहे, त्यामुळे या लेखात मी निळी स्क्रीनच म्हणतो.

थांबल्यावर विंडोज मेमरीतला मजकूर आधी पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या फाइलमध्ये, ओततं. कोसळलेल्या अवस्थेत नवी फाइल तयार करण्याचा भरवसा नसतो, म्हणून आधीपासून डिस्कवर राखलेली जागा वापरली जाते. स्क्रीनवर टक्के वाढताना दिसतात ते याच कामाचे. पुढच्या वेळी मशीन चालू झालं की तो मजकूर तिथून उचलून डंप फाइल बनते. यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. टक्के शंभर होईपर्यंत पॉवरचं बटण दाबायचं नाही. आणि सी ड्राइव्हवरची पेजफाइल 'वेग वाढतो' म्हणून कुणी बंद केली असेल किंवा डी ड्राइव्हवर हलवली असेल, तर डंप मिळेलच याचा भरवसा नाही.

पायरी १ : सेटिंग आधी बघून घ्या

हे काम मशीन धडधाकट असतानाच करायचं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून रनची खिडकी उघडा, त्यात एस-वाय-एस-डी-एम डॉट सी-पी-एल लिहून एंटर करा. ॲडव्हान्स्ड या टॅबवर सगळ्यात खालच्या स्टार्टअप अँड रिकव्हरी चौकटीतलं सेटिंग्जचं बटण दाबा.

तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' वरची खूण काढा, म्हणजे स्क्रीन थांबेल आणि मोबाइलने फोटो काढता येईल. खालच्या यादीत डंपचा प्रकार निवडायचा असतो. 'स्मॉल' म्हणजे मिनीडंप. अगदी छोटा, ईमेलने जाईल एवढा. 'कर्नल' मध्ये फक्त आतल्या खोलीची मेमरी असते. 'कम्प्लीट' मध्ये सगळीच्या सगळी रॅम येते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर तेवढी फाइल, आणि पेजफाइलही रॅमपेक्षा थोडी मोठीच लागते. 'ॲक्टिव्ह' हा विंडोज १० पासून आलेला प्रकार मुख्यतः व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरसाठी आहे. विंडोज ८ पासून 'ऑटोमॅटिक' हा पर्याय मुळातच निवडलेला असतो. त्यात कर्नल डंपइतकीच माहिती येते, फक्त पेजफाइलचा आकार विंडोज स्वतः सांभाळतं. तोच राहू द्या. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला कम्प्लीट डंप लावायला सांगणाऱ्याचा सल्ला मी तरी ऐकणार नाही.

त्याच खिडकीत, डिस्कवर जागा कमी असली तरी डंप आपोआप पुसू नये, अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण करा. ती नसेल तर सी ड्राइव्हवर २५ जीबीपेक्षा कमी जागा उरल्यावर विंडोज मोठी डंप फाइल गुपचूप काढून टाकतं. १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवलेल्या जुन्या मशीनवर हे सर्रास घडतं.

पायरी २ : फाइल शोधा आणि बाहेर काढा

सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचा फोल्डर असतो. दर वेळी कोसळल्यावर त्यात एक नवी फाइल पडते. फाइलच्या नावात तारीख असते, पण अमेरिकी पद्धतीने, महिना आधी : ०५१२२५ ने सुरू होणारं नाव म्हणजे १२ मे २०२५. मोठी फाइल विंडोज फोल्डरातच मेमरी डॉट डीएमपी या नावाने असते. ती एकच असते आणि दर खेपेला तिच्यावर नवी लिहिली जाते. त्यामुळे जुना इतिहास हवा तर मिनीडंपच कामाला येतात.

या फाइली जागेवरच उघडायला गेलात तर परवानगी नाही असा संदेश येतो. डेस्कटॉपवर कॉपी करून मगच उघडा.

मशीन चालूच होत नसेल तर? सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा बंद पडलं की विंडोजची दुरुस्तीची खिडकी आपोआप उघडते. तिथल्या कमांड प्रॉम्प्टमधून मिनीडंप फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करता येतो. तिथे सी ड्राइव्हला वेगळंच अक्षर लागलेलं असू शकतं, हे बघून घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आजच मोबाइलवरून लॉगिन करून बघून ठेवलेली बरी.

डंपच नाही, तर तोही एक धागा आहे

मिनीडंप फोल्डर रिकामा असणं हा पुष्कळदा खरा निरोप असतो. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जा आणि 'कर्नल-पॉवर' ची ४१ क्रमांकाची नोंद शोधा. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. पण तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड', म्हणजे निळ्या स्क्रीनवरचा बिघाडाचा कोड, असतो. तो शून्य असेल तर बहुतेक वेळा विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली. यूपीएसची बॅटरी संपली, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) दमला, कुणाचा पाय लागून प्लग हलला, किंवा हँग झालेलं मशीन कुणीतरी बटण दाबून ठेवून बंद केलं. पावसाळ्यात नाशिकमध्ये दिव्यांची लुकलुक झाली की अशा नोंदी रांगेने दिसतात. अशा वेळी डंप शोधत बसू नका, यूपीएस तपासा.

कोड शून्य नसेल तर तो इथे दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, स्क्रीनवर मात्र हेक्स म्हणजे सोळाच्या पद्धतीत, हे विसरू नका. १५९ म्हणजे स्क्रीनवरचा ९एफ, २०९ म्हणजे डी१, २९२ म्हणजे १२४. विंडोजच्या कॅल्क्युलेटरचा प्रोग्रामर मोड हे रूपांतर करून देतो.

कोड आहे पण डंप नाही, अशीही वेळ येते. कारणं तीन : पेजफाइल नाही, एखाद्या 'सफाई'च्या सॉफ्टवेअरने किंवा डिस्क क्लीनअपने डंप पुसले, नाहीतर डिस्कच आजारी आहे आणि लिहायला जागाच मिळाली नाही. तिसऱ्याची शंका आली की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटाचा बॅकअप घ्या.

पायरी ३ : विनडीबीजी लावा

मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर विनडीबीजी हे डंप वाचायचं मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन आहे. ते बिघडलेल्या मशीनवर लावायची गरज नाही, डंप दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर नेऊन वाचा. फाइल मेनूतून 'ओपन डंप फाइल' करा. इंटरनेट चालू असू द्या, कारण विनडीबीजी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सिम्बॉल फाइली, म्हणजे आकड्यांना नावं देणाऱ्या याद्या, आणतं. सिम्बॉल नसतील तर नावांच्या जागी नुसते आकडे दिसतात आणि निष्कर्षही चुकतो. सिम्बॉल सापडत नाहीत असा इशारा दिसला तर खालच्या ओळीत डॉट सिमफिक्स (.symfix) आणि मग डॉट रीलोड (.reload) या कमांड द्या. पहिल्या खेपेला वेळ लागतो. खालच्या कोपऱ्यात 'बिझी' दिसतंय तोवर हात लावू नका.

मजकूर थांबला की त्यात एक निळी, अधोरेखित कमांड दिसेल, उद्गारचिन्हाने सुरू होणारी 'ॲनलाइझ'. तिच्यावर क्लिक करा. बाकीची बरीचशी मेहनत तीच करते.

एवढंही जड वाटत असेल तर ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं छोटं मोफत साधन आहे. सगळे मिनीडंप एका तक्त्यात दिसतात. तारखा आणि कोड एका नजरेत बघायला ते झकास आहे, पण ते ज्या ड्रायव्हरला गुलाबी रंग देतं तो आरोपी आहे असं धरून चालू नका.

पायरी ४ : निकाल वाचताना

उत्तर लांबलचक येतं. त्यातल्या चार-पाच ओळीच बघायच्या.

सगळ्यात वर कोड, त्याचं नाव आणि त्यासोबतचे चार आकडे. मग 'प्रोसेस नेम'. इथे क्रोम किंवा टॅलीचं नाव दिसलं की लोक तेच सॉफ्टवेअर काढून टाकतात. घाई करू नका. बाहेरच्या अंगणातला साधा प्रोग्राम एकट्याने कर्नल पाडू शकत नाही. कोसळताना पाळी त्याची होती, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतर 'मॉड्यूल नेम' आणि 'इमेज नेम', म्हणजे ज्याच्याकडे बोट जातं त्या ड्रायव्हरचं किंवा विंडोजच्या भागाचं नाव. इथे एनटीओएस कर्नल किंवा एनटी हे नाव आलं तर तो विंडोजचा स्वतःचा गाभा आहे. बहुतेक वेळा बिघाड त्याच्या लक्षात आला म्हणून त्याचं नाव लागलंय. त्याला दोषी धरून विंडोज नव्याने टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. याउलट एनव्हीएलडीडीएमकेएम आलं तर एनव्हिडियाचा डिस्प्ले ड्रायव्हर, आयजीडीकेएमडी आलं तर इंटेल ग्राफिक्सचा, नेटडब्ल्यूटीडब्ल्यू आलं तर इंटेल वायफायचा. आणि तिथे 'हार्डवेअर' किंवा 'मेमरी करप्शन' असंच लिहून आलं, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

शेवटी 'स्टॅक टेक्स्ट'. ही कामांची साखळी, खालून वर वाचायची : तळाला जुनं काम, सगळ्यात वर शेवटचं. दर ओळीत उद्गारचिन्हाच्या आधी मॉड्यूलचं नाव असतं. वरच्या टोकाला विंडोजची नावं सोडून पहिलं परकं नाव कुणाचं, ते शोधा. खरा धागा पुष्कळदा तिथे मिळतो, 'इमेज नेम' मध्ये तो नसला तरी.

ते नाव कुणाचं हे कळेना तर एल-एम-व्ही-एम ही कमांड, जागा सोडून ते नाव, असं लिहा. कंपनी, आवृत्ती, तारीख कळते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या फाइलींची तारीख तिथे भलतीच दिसेल किंवा ती तारीख नसून हॅश आहे असं लिहिलेलं येईल. ते नॉर्मल आहे. इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरची तारीख मात्र उपयोगाची. विंडोज ११ वर २०१५ चा ड्रायव्हर दिसला तर संशयाला जागा आहे.

डंप काय सांगू शकतो आणि काय नाही, याचं मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. डंपमध्ये त्यांच्या सीएसएजंट या ड्रायव्हरचं नाव स्वच्छ दिसत होतं, कोड ५०, म्हणजे पेज फॉल्ट. ड्रायव्हर तोच, कालपर्यंत नीट चाललेला. बदलली होती ती त्याने वाचायची एक माहितीची फाइल. डंपने आरोपीचं नाव दिलं, कारण शोधायला 'काल काय बदललं' हा प्रश्न विचारावा लागला. उपाय ती एक फाइल पुसण्याचा होता. फॉरमॅटची गरज कुठेच नव्हती.

पायरी ५ : एका डंपवर निकाल देऊ नका

माझ्या मते सगळ्या लेखातला हा भाग महत्त्वाचा. तीन-चार डंप शेजारी ठेवा आणि कागदावर तक्ता करा : तारीख, वेळ, कोड, मॉड्यूल, तेव्हा काय चालू होतं.

समजा, अंबडमधल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याचं ड्रॉइंगचं मशीन आहे. पहिल्या डंपमध्ये १ए, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, आणि क्रोमचं नाव. दुसऱ्यात ५०, कॅडचं नाव. तिसऱ्यात ए, विंडोजचा गाभा. चौथ्यात ३बी, डिस्प्ले ड्रायव्हर. चार कोड, चार आरोपी. नवखा माणूस चौघांच्याही मागे धावतो. जाणता म्हणतो, चौघे एकदम बिघडत नसतात, रॅम बघा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) रॅमचा वाढवलेला वेग, म्हणजे एक्सएमपी, बंद करा. पट्ट्या काढून सोनेरी कडा पुसा, परत बसवा. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एक जरी चूक दाखवली तरी ती चूकच. मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पट्टी खराब की स्लॉट, हे ठरवा. विंडोजमधली मेमरी तपासणी सोयीची आहे, पण तिने 'ठीक' म्हटलं म्हणून रॅम निर्दोष सुटत नाही.

उलट चारही डंपमध्ये कोड डी१ आणि एकच वायफायचा ड्रायव्हर असेल, तर रॅमला हात लावू नका. लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर बदला. नवाच त्रास देत असेल तर आधीच्या आवृत्तीवर जा. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारी सॉफ्टवेअर लांब ठेवा.

कोड १२४, म्हणजे व्हिया (हार्डवेअरच्या चुकीची नोंद), आला की प्रोसेसरनेच तक्रार केलेली असते. कारणं उष्णता, व्होल्टेज, ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), क्वचित खुद्द प्रोसेसर. तक्त्यातला वेळेचा रकाना इथे बोलतो : एप्रिल-मे, दुपारी दोन ते पाच, एसी नसलेली केबिन. सीएनसी मशीनशेजारच्या कॉम्प्युटरचा पंखा उघडून बघा. तेलाची वाफ आणि धूळ मिळून हीटसिंकवर लोण्यासारखा थर बसलेला असतो. तो साफ करा, थर्मल पेस्ट बदला, एसएमपीएस बदलून बघा, बायोस अपडेट करा.

११६ हा डिस्प्लेचा. ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या वेळेत, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही आणि त्याला पुन्हा उठवण्याचा प्रयत्नही फसला. ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकून बघा. तरी येत राहिला तर कार्डाची उष्णता आणि एसएमपीएस. ९एफ बहुधा लॅपटॉप झोपवताना-उठवताना येतो, तिथे वायफाय आणि यूएसबीच्या ड्रायव्हरवर नजर ठेवा.

७ए आला तर मात्र सावध. डिस्कवरून मजकूर परत वाचता आला नाही, असा त्याचा अर्थ. चार आकड्यांपैकी दुसरा बघा : शेवट ००९सी असेल तर बहुधा खराब सेक्टर, ०१८५ असेल तर केबल किंवा जोडणी. दोन्ही वेळी बॅकअप पहिला, दुरुस्ती नंतर.

ड्रायव्हर व्हेरिफायर : शेवटचं हत्यार

सगळे डंप विंडोजच्या गाभ्याकडेच बोट दाखवतात आणि रॅमही ठीक निघाली, तर व्हेरिफायर वापरायचा. तो ड्रायव्हरांवर कडक पहारा बसवतो आणि चूक होताक्षणी मशीन पाडतो, म्हणजे डंपमध्ये नाव नेमकं येतं. कोड बहुतेकदा सी४. रनमध्ये व्हेरिफायर लिहा, स्टँडर्ड सेटिंग घ्या, यादीतून मायक्रोसॉफ्ट सोडून बाकीचे ड्रायव्हर निवडा. त्याआधी रिस्टोर पॉइंट करा, बिटलॉकरची की हाताशी ठेवा आणि सेफ मोडमध्ये जाता येतं ना ते करून बघा, कारण मशीन सुरू होतानाच पडायला लागलं तर सेफ मोडमधूनच 'व्हेरिफायर', जागा सोडून तिरपी रेघ आणि 'रीसेट' ही कमांड देऊन पहारा उठवावा लागतो. ३१ जुलैच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको.

डंप दुसऱ्याला देताना

डंप म्हणजे मेमरीची नक्कल. कम्प्लीट डंपमध्ये उघडी असलेली खाती, ग्राहकांची नावं, पासवर्डसुद्धा सापडू शकतात. कर्नल डंपमध्ये हे कमी, मिनीडंपमध्ये फारच कमी, तरी कॉम्प्युटरचं नाव आणि फोल्डरांची नावं त्यातही असू शकतात. एम. जी. रोडच्या दुकानदाराला किंवा इंटरनेटवरच्या अनोळखी मदतनिसाला मिनीडंपच द्या. मोठी फाइल मागणारा कोण आहे आणि का मागतोय, हे विचारा.

रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत असेल तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, डंपचा तक्ता आणि बिल, तिन्ही बरोबर न्या. 'कधी कधी बंद पडतं' या तक्रारीवर दुकानदार मशीन दोन दिवस चालवून 'ठीक आहे' म्हणून परत देतो.

पार्ट बदलल्यावर मिनीडंप फोल्डरातल्या जुन्या फाइली दुसरीकडे हलवून तो रिकामा करा. पुढे त्यात काही पडलं तर ते नवीन आहे हे लगेच कळेल. व्हेरिफायर लावला असेल तर तो रीसेट करायला आणि बंद केलेलं एक्सएमपी हवं असल्यास पुन्हा चालू करायला विसरू नका. मात्र दोन्ही एकाच दिवशी करू नका, नाहीतर पुन्हा पडलं तर कशामुळे ते कळणार नाही.